साहित्य आणि कृती : बुधवारच्या रात्रीचे जेवण

मराठी पाककृतींच्या पुस्तकांत प्रत्येक पदार्थाखाली दोन मथळे ठरलेले असतात : 'साहित्य' आणि 'कृती'. मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे मथळे पाहून आयुष्यात एकदा तरी हसू आलेले असतेच. वर्गात ज्या शब्दाची फोड करताना आम्ही भामहाच्या 'सहित'पासून सुरुवात करतो आणि तास संपेपर्यंत मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या उंबरठ्याशी जेमतेम पोहोचतो, त्याच शब्दाखाली स्वयंपाकघरात पाव किलो कांदे, चार पाकळ्या लसूण आणि 'मीठ चवीनुसार' येते. हा विनोद जुना आहे आणि आम्ही तो दरवर्षी पहिल्या तासाला नेमाने करतो. अलीकडे मात्र तो करताना जीभ थोडी अडखळते. या दोन मथळ्यांच्या जोडीला एक तिसराही मथळा असायला हवा होता असे वाटू लागले आहे : 'कोणी, केव्हा आणि किती दमलेले असताना'.

आम्ही तिघे दक्षिण कोकणातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. तिघेही चाळिशीत. आमच्यातल्या एकीचे माहेर गोव्यात, बार्देश तालुक्यात. दुसरी देशावरून नोकरीनिमित्त इकडे आलेली आणि शाकाहारी. तिसरा इथलाच. बुधवारी एम.ए.चा शेवटचा तास साडेपाचला सुटतो, त्यानंतर विभागाची कसलीतरी बैठक असते, आणि घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात. घरात शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे असतात, ओट्यावर दुपारची भांडी असतात. अशा रात्री एका कढईत काय शिजू शकते, याबद्दल गेली काही वर्षे आमच्यात जी चर्चा चालली आहे ती येथे मांडायची आहे. वाङ्मयीन चर्चेच्या पानावर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या मते तो याच पानावरचा आहे. का, ते पुढे येईलच.

प्रथम भाषेकडे पाहू. मराठीत सणाच्या स्वयंपाकाला केवढे शब्दवैभव आहे! पुरणाचा 'घाट घालतात', पंगत 'उठते', ताट 'वाढतात', जेवण 'साग्रसंगीत' असते. रोजच्या रात्रीच्या जेवणासाठी मात्र क्रियापदे कोणती? भागवणे. उरकणे. निभावणे. ढकलणे. आणि सर्वांत अर्थपूर्ण म्हणजे ते संयुक्त क्रियापद : 'करून टाकणे'. 'भाजी परतून टाकली, भात टाकला, झालं.' जी गोष्ट आपण टाकून देतो तिचेच क्रियापद आपण त्या अन्नाला लावतो, जे वर्षातले तीनशे दिवस आपल्याला जगवते. 'आज काय केलंत?' या प्रश्नाला स्टाफरूममध्ये येणारे ठरलेले उत्तर 'काही नाही, असंच आपलं' हे आहे. काही नाही! ज्या बाईने सकाळी सहाला उठून डबा आणि रात्री साडेसातला परत येऊन जेवण केले, तिच्या तोंडी हे 'काही नाही' येते, आणि ऐकणाऱ्या कोणालाही त्यात खटकण्यासारखे काही वाटत नाही.

आमच्या पाकशास्त्रीय ग्रंथपरंपरेनेही या रात्रीला फारसे स्थान दिलेले नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१०चे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७०चे. दोन्ही पुस्तकांचे ऋण मोठे आहे. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही मापे देऊन, माहेरापासून दूर संसार मांडणाऱ्या हजारो मुलींना आधार दिला. एका अर्थाने मराठी गद्यातला हा एक शांत आणि मोठा टप्पाच म्हणायला हवा. आमच्या वाङ्मयेतिहासात त्याला एक परिच्छेदही का मिळू नये, हा वेगळा वादाचा विषय आहे. (तो आम्ही पुढेमागे घालूच.) परंतु या परंपरेचे एकक 'पदार्थ' हे आहे. तुमच्याजवळ पाऊण तास आहे, एकच शेगडी मोकळी आहे आणि जेवण झाल्यावर तुम्हालाच भांडी घासायची आहेत, हे एकक धरून लिहिलेला मजकूर आम्हांला क्वचितच भेटला.

आता पदार्थाकडे येऊ. गोव्यात ज्याला 'सॉसेज चिली-फ्राय' म्हणतात, त्याचेच हे थोडे ऐसपैस, अधिक भाज्यांचे रूप आहे. यातले सॉसेज म्हणजे शहरातल्या मॉलमध्ये मिळणारे गुळगुळीत, फिकट गुलाबी नळकांडे नव्हे. हे गोव्याचे चोरीस. पोर्तुगीज 'शोरिसो'चा हा कोंकणी अवतार. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या लालभडक माळा टांगलेल्या दिसतात. लहान मण्यांच्या माळेला जपमाळेवरून 'रोझरी सॉसेज' असेही म्हणतात. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी ती माळ पाहून वारकऱ्यांच्या माळेवरून एक कोटी केली होती, ती येथे न दिलेलीच बरी.

चार माणसांसाठी पाव किलो चोरीस पुरते. तीन मध्यम बटाटे, दोन मोठे कांदे, मूठभर फरसबी, एक गाजर, एक ढोबळी मिरची, दोन हिरव्या मिरच्या. तेल नाही. मीठ नाही, निदान सुरुवातीला नाही. हळद नाही, तिखट नाही, कसलाही मसाला नाही. ही 'नाही'ची यादी आम्ही मुद्दाम देत आहोत, कारण या पदार्थाची सगळी खुबी तिच्यात आहे. डुकराच्या मांसातली चरबी तापली की स्वतःच सुटते आणि तीच फोडणीचे काम करते. मीठ, मिरची, लसूण, आले, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी आणि शिरका हे सारे त्या मण्याच्या पोटात आधीच आहे.

क्रम मात्र चुकवून चालत नाही. आमच्यातल्या तिसऱ्याने पहिल्याच प्रयत्नात चोरीस, बटाटे आणि पाणी एकदम कढईत घातले, झाकण ठेवले आणि पंचवीस मिनिटांनी पाहिले तो बटाटे दातांखाली कचकच वाजत होते. बार्देशकरीण फोनवर हसली. चोरीसमध्ये माडीचा शिरका असतो, आणि आंबट पाण्यात बटाटा लवकर शिजत नाही. आमसूल किंवा चिंच घातल्यावर डाळ शिजायची थांबते हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक होते, त्याच जातीची ही गोष्ट. म्हणून आधी बटाट्याच्या आणि गाजराच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी अर्धी वाटी साध्या पाण्यात, झाकण ठेवून, सात-आठ मिनिटे शिजवायच्या. बटाट्यात सुरी जाऊ लागली की मण्यांवरचे दोरे काढायचे, आवरण चिरून आतला मसालेदार ऐवज मोकळा करायचा आणि बटाट्यांवर पसरायचा. वर उभा चिरलेला कांदा. पुन्हा झाकण, मंद आच, दहा-बारा मिनिटे. या वेळात तांबडी चरबी सुटून तळाशी येते आणि कांदा तिच्यात विरघळू लागतो. मग फरसबी आणि हिरव्या मिरच्या. शेवटची पाच मिनिटे झाकण काढून ढोबळी मिरची. ती थोडी करकरीतच राहिली पाहिजे. चोरीस कच्च्या मांसाचे असते, तेव्हा ते पुरते शिजणे आवश्यक आहे. घाईत ही एक गोष्ट सोडू नये. कढई लोखंडी नको, शिरक्याने तिला लोखंडाची चव सुटते. स्टीलची जाड बुडाची किंवा मातीची उत्तम. सोबत पाव. गोव्यात पोदेर सायकलवरून आणतो ते उंडे मिळाले तर दुधात साखर, नाहीतर आमच्या नाक्यावरची लादीही चालते. सकाळचा उरलेला भातही चालतो, नव्हे, धावतो.

पाश्चात्त्य देशांतही सॉसेज, बटाटे आणि भाज्या एका पसरट थाळ्यात घालून भट्टीत भाजण्याची रीत आहे आणि ती कामाच्या रात्रींसाठीच लोकप्रिय झाली आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत भट्टी नाही, गॅसच्या दोन शेगड्या आहेत, आणि बुधवारी त्यांतली एक कुकरने अडवलेली असते. तेव्हा कढईच.

हे जेवत असताना आमच्यात एकदा एक शास्त्रीय वाद झाला. (मराठीचे तीन प्राध्यापक एका ताटाभोवती बसल्यावर दुसरे काय होणार?) भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसनिष्पत्ती समजावून देताना स्वयंपाकाचाच दृष्टांत घेतला आहे : नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगातून जसा रस निष्पन्न होतो, तसा नाना भावांतून. पुढे मम्मटाने पानकरसाचा दाखला दिला. पन्ह्यासारख्या पेयात गूळ, मिरी, आंबटपणा हे घटक वेगवेगळे जाणवत नाहीत, सगळ्यांची मिळून एक अपूर्व चव होते. आम्ही हे दरवर्षी शिकवतो आणि विद्यार्थी ते दरवर्षी पाठ करतात. शाकाहारी बाईंचे म्हणणे असे पडले की, तुमच्या या कढईत पानकरस कुठे आहे? बटाटा बटाटाच राहिला, मिरची मिरचीच राहिली. हा तर नुसता समुच्चय झाला, निष्पत्ती नव्हे!

आम्हांला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. पानकरसाला वेळ लागतो. मुरायला, एकजीव व्हायला, घोटायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणाकडे तरी असावा लागतो. आपल्या काव्यशास्त्राने चवीचा आदर्श म्हणून जे पेय निवडले ते निवांतपणाचे पेय आहे. बुधवारच्या रात्रीच्या जेवणाचा आदर्श वेगळा असू शकतो की नाही? ज्यात प्रत्येक घटक आपले स्वतंत्र अस्तित्व राखतो आणि तरी एकाच तांबड्या रश्श्याने सारे माखलेले असतात, अशी एक रचना आम्हांला तरी हीन वाटत नाही. मराठीतल्या चांगल्या दैनंदिनी आणि पत्रे याच जातीची असतात. त्यांना कादंबरीचा घाट नाही म्हणून आपण त्यांना दुय्यम मानत आलो, आणि त्यात आपलेच नुकसान झाले. येथपर्यंत आमच्यातल्या दोघांचे एकमत आहे. शाकाहारी बाईंनी आपले मत राखून ठेवले आहे. आपल्या बुधवारी त्या चकोल्या करतात, आणि चकोल्यांमध्ये निष्पत्तीही आहे आणि भांडेही एकच आहे असा त्यांचा दावा आहे. उकळत्या आमटीत कणकेचे काप सोडले की ते आमटीचे होऊन जातात, हे आम्हांला मान्य करावे लागले.

परंतु या सगळ्या चर्चेत एक शब्द आम्ही फार सहज वापरत होतो : 'सोपे'. एका कढईतले सोपे जेवण. या शब्दाला धक्का बसला तो गेल्या मे महिन्यात, बार्देशातल्या त्या घरी आम्ही दोन दिवस राहिलो तेव्हा.

आमच्या मैत्रिणीची मांय अजून घरी चोरीस करते. आता बहात्तर वर्षांची आहे. मांस आणि चरबी यांचे करंगळीच्या टोकाएवढे तुकडे हाताने कापायचे. यंत्रातून काढलेला खिमा तिला चालत नाही. मग मीठ लावून वजनाखाली दाबून ठेवायचे म्हणजे पाणी निथळते. मग उन्हात. मिरच्या आणि मसाला शिरक्यात वाटायचा, पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. मांस त्यात मुरवायचे, रोज हलवायचे. आतडी धुणे हे स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचे वर्णन आम्ही करत नाही. ती भरायची, दोऱ्याने मणी बांधायचे, माळा करायच्या आणि उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात टांगायच्या. कावळे राखायचे, अवकाळी ढग राखायचे. हे सारे एप्रिल-मेमध्ये, कारण पुढे पाऊस.

गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, तो इतका घरचा झाला की पावसाआधी 'पुरुमेंताचे फेस्त' भरते. आम्ही अलीकडे कोकणात त्यालाच 'आगोट' म्हणतो. सुकी मासळी, आमसुले, मिरच्या, पापड, सांडगे, कुरडया. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, बाजारात ताजी मासळी जवळजवळ नाही, अशा दिवसांसाठीची ही तजवीज. चोरीस म्हणजे वास्तविक एक वाळवणच. ज्या घरात कुरडया आणि सांडगे यांच्याबद्दल हळवे लेख लिहिले जातात, त्या घराला चोरीस परके वाटावे, हे केवळ सवयीमुळे. नाहीतर त्या कढईत परके काय आहे आणि घरचे काय आहे? बटाटा हा शब्दच पोर्तुगीज, पाव पोर्तुगीज, मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आलेली. मिरचीशिवायच्या मराठी स्वयंपाकाची कल्पना करून पाहावी.

असो. मुद्दा असा की, बुधवारी रात्री आमचा जो पाऊण तास वाचतो, तो वाचत नसून आधीच कोणीतरी खर्च केलेला असतो. मे महिन्यात, उन्हात, ओणव्याने बसून. आपण 'सोपे' म्हणतो तेव्हा पुष्कळदा एवढेच म्हणत असतो की अवघड भाग दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या ऋतूत, आपल्या नजरेआड केला. हे फक्त चोरीसचेच नाही. दळलेले पीठ, सोललेले ओले काजू, साफ केलेली कोळंबी या सगळ्यांचे तेच आहे. पाककृतीच्या पुस्तकातल्या 'साहित्य' या मथळ्याखाली या श्रमांची नोंद नसते. तिथे फक्त लिहिलेले असते : 'गोवन सॉसेज – पाव किलो'.

मांयला आम्ही मोठ्या कौतुकाने विचारले की, हे सारे कुठे लिहून ठेवले आहे का? तिने आमच्याकडे जरा नवलाने पाहिले आणि कोंकणीत म्हणाली त्याचा आशय असा : लिहायला बसले असते तर कावळ्यांनी नेले असते. आम्ही तिघेही वहीपेन काढून बसलो होतो. तिने आम्हांला सुऱ्या दिल्या. दोन तासांनी आमच्या बोटांना मिठाने चरचरू लागले आणि तुकडे तिच्या मते तरीही मोठेच होते.

यावर स्टाफरूममध्ये जे झाले तेही सांगणे प्राप्त आहे. मेनंतर आमच्यातल्या तिसऱ्याने एकदा डब्यात हा पदार्थ आणला. डबा उघडताच शिरक्याचा आणि लसणाचा वास पसरला. 'काय आहे, सर?' असे विचारले गेले आणि उत्तर ऐकल्यावर दोन खुर्च्या हळूच मागे सरकल्या. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र पाण्याच्या पिंपावरचा पेला वापरण्यापूर्वी विसळला जाऊ लागला. ज्या खुर्च्या सरकल्या त्यांतल्या एका खुर्चीवरच्या बाई 'स्मृतिचित्रे' अतिशय समरसून शिकवतात. १८९५मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाईंनी पुढे सोवळेओवळे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या नाही, या साऱ्यांतून स्वतःला कसे सोडवून घेतले, हा त्या पुस्तकातला आमच्या मते सर्वांत धैर्याचा भाग. तो त्या बाईंच्या तासाला विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो. आम्ही हे टोमणा म्हणून लिहीत नाही. पुस्तकातले पाणी आणि पिंपातले पाणी यांत अंतर पडते, ते आमचेही पडत असेलच, दुसऱ्या कोणत्या तरी पदार्थाशी.

ते पडतेही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५मध्ये आले, तेव्हा आम्ही ते हौसेने घेतले आणि वाचताना अनेक ठिकाणी थबकलो. मराठवाड्यातल्या मांग-महार समाजांच्या खाद्यसंस्कृतीचे ते पुस्तक. त्यात मांस वाळवून टिकवण्याची जी पद्धत येते, चान्या म्हणतात ते, ती आणि चोरीसची माळ यांत तत्त्वतः काय फरक आहे? एकीला पोर्तुगीज वंशावळ आहे, म्हणून ती पर्यटकांच्या थाळीत जाऊन बसली आणि तिच्यावर कौतुकाचे लेख येतात. दुसरी गावकुसाबाहेर दोरीवर वाळली, म्हणून तिला पाककृतीच्या पुस्तकात जागा नाही, आत्मकथनातच जागा आहे. शर्मिला रेगे यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातील विद्यार्थ्यांनी २००९मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर एक पुस्तिका केली होती, तिचा रोख हाच होता : भारतीय थाळी म्हणून जी दाखवतात, तीत आमचे ताट का नाही? आम्ही चोरीसबद्दल हळुवारपणे लिहितो आहोत आणि चान्यांबद्दल लिहिताना 'तत्त्वतः' हा शब्द वापरतो आहोत, हे आमच्या लक्षात आले आहे. वाक्य बदलले नाही. जसे आले तसे ठेवले.

अजून एक गोष्ट. या साऱ्या प्रकरणात कढई कोणाच्या हातात आहे?

आमच्यातला तिसरा पंधरा वर्षे 'स्त्रियांचे आत्मकथन' हा पेपर शिकवत आहे. स्वयंपाकघरातील अदृश्य श्रम या विषयावर त्याने दोन चर्चासत्रांत निबंध वाचले आहेत, त्यांतला एक छापूनही आला. त्याची पत्नी बँकेत आहे, तीही सातला घरी येते. २०२०च्या टाळेबंदीपर्यंत त्याने घरात चहा, मॅगी आणि रविवारचे आम्लेट यांपलीकडे काही केले नव्हते. हे त्यानेच लिहावे असे ठरले, आणि तो लिहिताना दोनदा उठून गेला. टाळेबंदीत पत्नीची बँक सुरू आणि त्याचे वर्ग घरातून, अशी उलटापालट झाली तेव्हा पहिल्यांदा रात्रीचे जेवण त्याच्यावर आले. पहिल्या आठवड्यात त्याने, पुरुष करतात तसे, भव्य काहीतरी केले : बिर्याणी, पाच भांडी, ओटाभर पसारा, घरभर कौतुक. भांडी पत्नीने घासली. दुसऱ्या बुधवारी त्याच्या लक्षात आले की आजही करायचे आहे. उद्याही. कौतुक संपले होते आणि भूक होती. निबंधात 'पुनरावृत्तीचे श्रम' असा शब्दप्रयोग त्याने किमान सहा वेळा केला होता. पुनरावृत्ती म्हणजे काय, ते त्याला त्या दिवशी संध्याकाळी सात चाळीसला ओट्यासमोर उभे असताना कळले.

त्यामुळे 'एका कढईतले जेवण' या गोष्टीचे जे स्त्री-मुक्तिदायी वर्णन कधीकधी केले जाते, त्याबद्दल आम्ही साशंक आहोत. भांडी पाचाची एक झाली तरी ते एक भांडे तिनेच घासायचे असेल, तर हिशेब फक्त लहान झाला, बदलला नाही. किंबहुना 'आता किती सोपं झालंय' असे म्हणून तेही काम तिच्याच खात्यावर कायमचे टाकले जाण्याची शक्यता अधिक. कुकर आला तेव्हा असेच झाले, मिक्सर आला तेव्हाही. या पदार्थाचा आम्हांला वाटणारा खरा गुण वेगळाच आहे. तो नवशिक्याला जमतो. मसाल्याचा अंदाज, फोडणीची वेळ, मिठाचा हात, ज्या गोष्टींचे कारण पुढे करून घरातला पुरुष आणि मुलगा आजवर सुटत आले, त्या सगळ्या मांयने आधीच मण्यात बांधून ठेवल्या आहेत. उरते ते बटाटे चिरणे आणि घड्याळाकडे पाहणे. 'मला येत नाही' असे म्हणायला जागा राहत नाही. तिसऱ्याचा चौदा वर्षांचा मुलगा आता महिन्यातून एका बुधवारी हे करतो. बटाट्याच्या फोडी सारख्या होत नाहीत, काही विरघळतात, काही टणक राहतात. कढई तोच घासतो, थोडी तक्रार करत.

महिन्यातून एका बुधवारी, हेही सकारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत घातले. रोज पन्नास ग्रॅम खाण्याने तो धोका सुमारे अठरा टक्क्यांनी वाढतो, असे तिचे म्हणणे. मीठही त्यात पुष्कळ. तेव्हा हे रोजचे अन्न नव्हे. ज्यांनी ते निर्माण केले त्यांच्याही ते रोजचे नव्हते. पाऊस कोसळत असताना, मासळी नसताना, एक-दोन मणी आणि भरपूर बटाटे, अशीच त्याची रीत होती. आपण मणी वाढवले आणि बटाटे कमी केले.

डुकराचे मांस न खाणाऱ्या आमच्या सहकारी बाईंसाठी काय, याचाही विचार झाला. सोयाबीनचे सॉसेज आणून त्याला चोरीस म्हणावे, ही सूचना त्यांनीच फेटाळली. त्यांचे म्हणणे, अनुवाद करायचा तर मूळ भाषेचा सोंगाडेपणा करू नये. त्याऐवजी गोव्याचाच रेशाद मसाला, म्हणजे शिरक्यात वाटलेल्या मिरच्यांचा तो तांबडा गोळा, दोन चमचे घेऊन त्यांनी बटाटे, फरसबी आणि भिजवलेले काळे वाटाणे त्यात केले. थोडे तेल घालावे लागले. उत्तम झाले होते. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात, हे त्यांनी दोनदा सांगितले, आणि ते कोणी घातले हेही.

मांयने या मेमध्ये कमी माळा केल्या. गुडघे धरतात, आणि आतडी धुवायला खाली बसवत नाही. पुढच्या वर्षी करीन की नाही सांगता येत नाही, असे तिने जाताना म्हटले, आणि आमच्या मैत्रिणीने ते ऐकूनही न ऐकल्यासारखे केले. म्हापशाच्या बाजारात माळा मिळतातच. एप्रिलमध्ये सुट्टी मिळाली तर आपण तिघांनी जाऊन कापायला बसायचे, असे ठरवले आहे. पण एप्रिलमध्ये परीक्षा असतात, पर्यवेक्षण असते, पेपर तपासायचे असतात. मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या गजाला मांयची शेवटची माळ अजून टांगलेली आहे. काल मोजले तेव्हा अकरा मणी होते. उद्या बुधवार आहे, आणि बटाटे आणायचे राहिले आहेत.